भाडेकरू मुलींना हे सांगायचं काम माझं आहे का?

पेठकरीण · सोमवार, रात्री ११:४०

पुण्यात पेठेतल्या आमच्या इमारतीतले वरचे दोन फ्लॅट मी स्पर्धा परीक्षेच्या मुलींना देते. सध्या नऊ जणी आहेत, कुणी मराठवाड्यातली, कुणी विदर्भातली, दोघी कोल्हापूरकडच्या. वयं बावीस ते सत्तावीस. सकाळी सहाला अभ्यासिकेत जातात, रात्री दहाला येतात. माझा आणि त्यांचा संबंध भाडं, पाण्याची मोटर आणि गॅस सिलिंडर एवढाच.

काही दिवसांपूर्वी रात्री दोनला दार वाजलं. एकीला बाथरूममध्ये चक्कर आली होती आणि रक्त थांबत नव्हतं. "पाळीचा त्रास आहे काकू," म्हणाल्या. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. खरं काय ते सकाळी कळलं. पाळी चुकल्यावर तिने ती संबंधानंतर तातडीने घ्यायची 'बहात्तर तासवाली' गोळी घेतली होती. एकदा नाही, आठ दिवसांत तीनदा. काही होईना म्हणून मग मैत्रिणीच्या मित्राने कुठून तरी आणलेलं दुसरं पाकीट. किती आठवडे झालेत ते मोजलेलं नाही, सोनोग्राफी नाही, डॉक्टरला विचारलेलं नाही. पोरगी बी.एस्सी. बॉटनी आहे. परागीभवन तोंडपाठ.

ती आता बरी आहे. तिच्या घरी मी कळवलेलं नाही, कळवणारही नाही. त्यावरून मला कुणी शहाणपण शिकवू नये.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लग्नाआधी तुम्हाला यातलं काय माहीत होतं, आणि कुणाकडून? आणि उरलेल्या आठ जणींना बसवून मी हे सांगावं का? नवरा म्हणतो, आपण खोली भाड्याने दिली आहे, पालकत्व घेतलेलं नाही.

खडूस_खारा · सोमवार, ११:५२

पहिला! आता वाचतो.

खडूस_खारा · सोमवार, ११:५८

वाचलं. आधीचा प्रतिसाद मागे. पोरीला वेळेवर नेलंत, बरं केलंत.

डॉ_तालुका · मंगळवार, सकाळी ६:२०

मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या भाडेकरूसारखी मुलगी माझ्याकडे नेहमी येते, आणि बहुतेक वेळा अशीच उशिरा.

बहात्तर तासवाल्या गोळीचं काम एकच, बीजकोशातून बीज बाहेर पडणं पुढे ढकलायचं. म्हणून संबंधानंतर जितक्या लवकर घ्याल तितकी ती उपयोगी. गर्भ एकदा रुजला की तिचा काही उपयोग नाही. ती गर्भपाताची गोळी नव्हे. पाळी चुकल्यावर तीन घेतल्या काय नि तीस घेतल्या काय, गर्भ जागेवरच. वरून एखाद्या वेळी थोडं रक्त दिसतं, मुलगी "आली बाई पाळी" म्हणून निर्धास्त होते, आणि अजून एक महिना जातो.

गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या. दोन प्रकारच्या असतात, ठरावीक अंतराने घ्यायच्या, नऊ आठवड्यांपर्यंत आणि मान्यताप्राप्त डॉक्टरच्या देखरेखीखाली. सोनोग्राफी आधी का? कारण गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. पेठकरीणताई, तुमची मुलगी थोडक्यात वाचली.

आठवडे मोजण्यात तर हमखास चूक होते. आम्ही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो, संबंध आला त्या दिवसापासून नाही. पाळी आठ दिवस पुढे गेली की मुलगी म्हणते "एकच आठवडा झालाय". आमच्या हिशेबाने तिचे पाच झालेले असतात.

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: सांगा.

संस्कारवर्ग · मंगळवार, ८:०५

गोळ्या, आठवडे, सोनोग्राफी. संयम हा शब्द अजून कुणी काढलेला नाही. आईवडील शेत गहाण ठेवून मुलींना अभ्यासाला पाठवतात. माहिती दिली की मोकळीक मिळाल्यासारखं होतं. नवरात्रानंतर दवाखान्यांत काय गर्दी होते ते डॉक्टरांनाच विचारा.

डॉ_तालुका · मंगळवार, ८:३०

विचारलंत म्हणून सांगते. माझ्या वहीत तरी नवरात्राचा डोंगर कधी दिसलेला नाही. आणि माझ्याकडे गर्भपाताला येणाऱ्यांत मोठा वाटा लग्न झालेल्या, दोन मुलं असलेल्या बायकांचा असतो. त्यांना संयमाचं कुणी सांगत नाही.

शेवटचा_बाक · मंगळवार, ९:१२

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण लिहावंच लागतंय. वय २४, मुलगा, लग्न नाही.

मला काय माहीत होतं: शून्य. कुणाकडून: व्हॉट्सॲप ग्रुपवरचे व्हिडिओ, म्हणजे शून्याच्या खाली. पहिल्यांदा कंडोम आणायला गेलो तेव्हा मेडिकलमध्ये आधी एक काकू, मग एक आजोबा, मग आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. अर्ध्या तासात मी खोकल्याच्या गोळ्या, बँडेज आणि ओआरएसची दोन पाकिटं घेतली आणि घरी आलो.

आता दहा मिनिटांत सामान आणणारी ॲपं आहेत, कोथिंबिरीबरोबर येतं. त्यामुळे लाजेचा प्रश्न सुटला, माहितीचा नाही. माझा रूममेट दोन-दोन एकावर एक घालायचा. डबल सेफ्टी म्हणे.

डॉ_तालुका · मंगळवार, ९:२०

दोन घातले की एकमेकांवर घासून फाटायची भीती वाढते. रूममेटला सांगा.

कोकणी_रापण · मंगळवार, ९:४४

आणि आमच्याकडे खोबरेल! कोकणी माणूस सगळ्याला खोबरेल लावतो. चालतं ना?

डॉ_तालुका · मंगळवार, ९:५१

विनोद म्हणून विचारलंत तरी उत्तर खरं देते. नाही चालत. तेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल, कशानेही लॅटेक्स विरघळल्यासारखं कमकुवत होतं आणि फाटतं. खोबरेल डोक्याला लावा.

कोकणी_रापण · मंगळवार, ९:५३

बायकोला दाखवतो हा प्रतिसाद. धाकटा कसा झाला ते आत्ता कळलं.

औषधवाला · मंगळवार, दुपारी २:१५

तीस वर्षं काउंटरवर उभा आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो. बाक, तुमच्यासारखी मुलं मला लांबूनच ओळखू येतात. ओआरएस घेतला की समजायचं, खरं गिऱ्हाईक अजून बोललेलं नाही. मी गर्दी हटेपर्यंत त्याला थांबवून घेतो आणि मग विचारतो, "अजून काही?"

बहात्तर तासाची गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय देता येते. तिच्या जाहिराती टीव्हीवर आल्या तसा खप वाढला. जाहिरातीतून नाव पोचलं, वापर पोचला नाही. एक पोरगा दर शनिवारी यायचा. चौथ्या शनिवारी मी म्हटलं, "बाळा, ही तातडीची आहे. तातडी दर आठवड्याला येत नसते. रोजची गोळी किंवा कंडोम याहून खात्रीचं आणि स्वस्त." तो परत आला नाही. सुधारला की दुकान बदललं, देव जाणे.

गर्भपाताच्या किटचं मात्र उलटं. चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही, नोंद ठेवायची, तपासणी येते. कटकट नको म्हणून आमच्या भागात निम्म्याहून जास्त दुकानांनी ते ठेवणंच सोडलं. खरी चिठ्ठी घेऊन आलेली बाई चार दुकानं फिरते आणि चोरून विकणारा घरपोच देतो. मैत्रिणीच्या मित्राने 'कुठून तरी' आणलं, ते असंच कुठून तरी.

आलेखवाला · मंगळवार, रात्री १०:३०

हे कधी कुठे लिहिलेलं नाही.

साल २००३. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला, ती बी.कॉम.ला. आम्हाला 'सेफ पीरियड' हा शब्द माहीत होता, अर्थ माहीत नव्हता. मी हुशार. विचार केला, पाळीच्या दिवसांचा आणि गर्भाचा संबंध आहे, म्हणजे पाळीपासून जितकं लांब तितकं सुरक्षित. अठ्ठावीस दिवसांचं चक्र, दोन्ही पाळ्यांपासून सगळ्यात लांबचा दिवस चौदावा. खरोखर आलेख काढला होता. ग्राफ पेपरवर.

ज्यांना माहीत आहे ते हसतील. ज्यांना नाही त्यांच्यासाठी: बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बाहेर पडतं, आणि शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे नेमका जो मधला भाग टाळायचा, तोच मी निवडून काढला होता.

पाळी चुकली. गावात ओळखी, म्हणून एस.टी.ने शेजारच्या जिल्ह्यात गेलो. दवाखान्यातल्या बाईने सांगितलं, नवऱ्याची सही लागेल. आम्ही बाहेर आलो. स्टँडसमोरच्या टपरीवर तिने तीस रुपयांचं मंगळसूत्र घेतलं, कुंकू लावलं, परत आत गेलो. तिच्या नावापुढे 'सौ.' लागलं आणि मी नवरा म्हणून सही केली. बिलासाठी मी कॅल्क्युलेटर आणि एक पुस्तकांचा सेट विकला होता.

लग्न झालं नाही आमचं. तिचं पुढे चांगलं चाललंय, एवढं मला माहीत आहे. परतीच्या एस.टी.त तिने मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं. पुढे त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

डॉ_तालुका · मंगळवार, ११:०५

नवऱ्याची सही तेव्हाही कायद्यात नव्हती. १९७१ च्या गर्भपात कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. दवाखान्यांनी आपल्या सोयीसाठी लावलेली प्रथा आहे ती, आणि अजून काही ठिकाणी चालू आहे.

एक मात्र खरं. जुन्या कायद्यात गर्भपातासाठी 'गर्भनिरोधक साधन निकामी ठरलं' हे कारण फक्त 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांना होतं. २०२१ च्या दुरुस्तीत तिथे 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असं आलं. पुढे २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वीस ते चोवीस आठवड्यांत गर्भपाताची जी सवलत काही गटांना आहे, तीही अविवाहितेला नाकारता येणार नाही. प्रकरण पंचवीस वर्षांच्या अविवाहित मुलीचं होतं. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, त्यापुढे दोघांचं. नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आईवडिलांना कळवायचा प्रश्नच नाही.

अठराच्या आतली मुलगी असेल तर सगळं बदलतं. पालकाची संमती लागते आणि पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली पोलिसांना कळवावं लागतं. त्या २०२२ च्या निकालात एवढी सोय झाली की मुलीची आणि पालकाची विनंती असेल तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही.

नलूआजी · बुधवार, पहाटे ५:१०

वय ७४. झोप येत नाही, म्हणून सगळा धागा वाचला.

आमच्या वेळी भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. रेडिओवर निरोधची, म्हणजे सरकारी कंडोमची जाहिरात लागली की वडील आवाज बारीक करायचे. बंद नाही करायचे, बारीक. बंद केला तर कशासाठी केला ते आम्हाला कळलं असतं ना! लग्नाच्या आदल्या रात्री मावशी म्हणाली, "तो सांगेल तसं कर." त्याला त्याच्या मावशीने काय सांगितलं होतं कुणास ठाऊक. पहिला मुलगा दहाव्या महिन्यात.

संस्कारवर्ग, तुम्ही म्हणता तसे संस्कार आमच्या वाड्यात भरपूर होते. तरी शेजारची एक मुलगी कॉलेज सोडून पाच महिने 'मावशीकडे' राहायला गेली. परत आली तेव्हा तिच्याशी कुणी काही बोललं नाही, आम्हा मैत्रिणींना पाण्याला तिच्याबरोबर जायला मनाई झाली. ती मावशी नव्हतीच मुळी. तिच्या आईला बहीणच नव्हती, हे मला चाळीस वर्षांनी सुचलं.

इतिहासखोर · बुधवार, १०:४०

अवांतर, पण राहवत नाही. पेठकरीणताई, तुमच्या पेठेपासून फार लांब नाही, गंज पेठेत १८६३ साली जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवायचं तर ठेवावं, न्यायचं तर न्यावं. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा मुलगा.

आणि गर्भनिरोधनाचं म्हणाल तर र. धों. कर्वे. १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढलं, लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी काढलं त्याच वर्षी. गणिताचे प्राध्यापक, या कामापायी नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये वारेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. १९३४ चा खटला कशावरून झाला? वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून! बाजू मांडायला उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटला हरले, दंड झाला.

खडूस_खारा · बुधवार, १०:४८

म्हणजे हा धागा १९३४ मध्ये असता तर डॉक्टरबाईंना दंड झाला असता.

डॉ_तालुका · बुधवार, १०:५५

तीन प्रतिसादांना तीन वेळा.

बाईंचा_तास · बुधवार, दुपारी १:३०

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. २००७ मध्ये राज्यात लैंगिक शिक्षणावर बंदी आली तेव्हा मी नवीन होते. प्रशिक्षणाचं साहित्य आलं आणि कपाटात गेलं. पुनरुत्पादनाचा धडा तेव्हाही पुस्तकात होता, आताही आहे. वर्षानुवर्षं बहुतेक शिक्षक "हा घरी वाचा, परीक्षेला आकृती येईल" म्हणतात. मीही पहिली पाच वर्षं म्हणाले.

आता शिकवते. फरक एवढाच की प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायला सांगते. मुलांच्या चिठ्ठ्या आकाराबद्दल, मुलींच्या भीतीबद्दल. "टॉवेल एक वापरला तर दिवस जातात का?" "पपई खाल्ली तर पडतं का?" "पहिल्या वेळी राहत नाही ना?" ही तिसरी चिठ्ठी दरवर्षी येते, वेगवेगळ्या अक्षरात. राहू शकतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

अनियमित · बुधवार, ४:१०

नाव बघा माझं. एकोणिसाव्या वर्षी पीसीओडी (बीजकोशाचा विकार) निघाला तेव्हा डॉक्टर आईला म्हणाले, "लग्नानंतर मूल व्हायला त्रास होईल." मी त्यातून अर्थ काढला की मला मूल होणारच नाही, मग काळजी कशाला? तीन वर्षं काही वापरलं नाही. पाळी दोन-दोन महिने येत नसे, त्यामुळे चुकली हेही कळलं नाही. कळलं तेव्हा अकरा आठवडे.

एवढंच सांगायचंय. पाळी अनियमित म्हणजे बीज कधी येईल ते सांगता येत नाही. येतच नाही असं नाही.

आशा_गटप्रवर्तक · बुधवार, रात्री ९:००

मी आशाताईंची गटप्रवर्तक आहे, ग्रामीण भागात. सगळे माहितीवर बोलताय, मी साधनांवर बोलते.

आमच्या रजिस्टरचं नाव आहे 'पात्र जोडपी'. पात्र म्हणजे लग्न झालेली, बायको १५ ते ४९ वयाची. शिकवतानाही शब्द कसे आहेत बघा, पाळणा लांबवणे, दोन मुलांत अंतर. आशाच्या पिशवीत सगळं असतं. तीन निरोधचं पाकीट एक रुपयाला, गोळ्यांचं महिन्याचं पाकीट एक रुपयाला, तातडीची गोळी दोन रुपयांना. आता छाया आहे, आठवड्याची गोळी, आपल्याच लखनौच्या प्रयोगशाळेत शोधलेली. 'अंतरा' नावाचं इंजेक्शन दवाखान्यात, दर तीन महिन्यांनी. सगळं 'जोडप्यांना'.

कुमारवयीनांसाठी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहेत, पण ती १० ते १९ वयाला. विसाव्या वाढदिवसापासून लग्नाच्या मांडवापर्यंत मुलगी आमच्या कुठल्याच कागदावर नाही. पेठकरीणताईंच्या नऊच्या नऊ जणी तिथे बसल्या आहेत.

आमच्या एका आशाताईची युक्ती सांगते. अविवाहित मुलगी येते आणि म्हणते, "वहिनीसाठी पाहिजे." ताई देते आणि रजिस्टरला वहिनीचं नाव लावते. तिच्या गावात काही वहिन्यांचा वापर फार नियमित दिसतो. त्यातल्या एकीचा नवरा दोन वर्षं दुबईत आहे.

खडूस_खारा · बुधवार, ९:०६

वहिनीचा विजय असो.

संस्कारवर्ग · बुधवार, ९:४०

म्हणजे शासकीय नोंदीत खोटं लिहायचं, आणि इथे टाळ्या.

आशा_गटप्रवर्तक · बुधवार, ९:५५

दादा, खरं लिहायला रकानाच नाही. तुम्ही रकाना काढून द्या, उद्यापासून खरं लिहितो.

टेक्सासातली_शकू · गुरुवार, पहाटे ४:३०

इथून लिहितेय. विद्यार्थिनी म्हणून आले तेव्हा वाटलं होतं, अमेरिका म्हणजे सगळं मोकळं. तातडीची गोळी दुकानात फळीवरच असते, २०२४ पासून रोजची एक गोळीही चिठ्ठीशिवाय मिळते. पण २०२२ नंतर टेक्सासमध्ये गर्भपात जवळपास बंदच झालाय, जिवावर बेतलं तरच. माझ्या ओळखीतली एक मराठी मुलगी अडकली, विमानाने दुसऱ्या राज्यात गेली, परीक्षेच्या आठवड्यात. ती म्हणाली, "नाशिकला असते तर आईला न सांगता झालं असतं."

बाक, तुमच्या रूममेटसारखे इथेही आहेत. आपलीच मुलं, एम.एस. करणारी.

शेवटचा_बाक · गुरुवार, १०:२०

एक विचारू? एवढ्या प्रतिसादांत मुलगा कुठे आहे? आलेखवालेदादा सोडले तर सगळीकडे मुलगी गोळी घेते, मुलगी मोजते, मुलगी दवाखान्यात जाते. पेठकरीणकाकूंच्या मुलीचा तो कोण होता? मैत्रिणीचा मित्र पाकीट आणतो, आणि हा?

(डॉक्टर, सविस्तर विचारायचंय, तुम्हाला निरोध पाठवू का?)

शेवटचा_बाक · गुरुवार, १०:२१

निरोप!! व्यक्तिगत निरोप!! संपादक, कृपया दुरुस्त करा.

संपादक_मंडळ · गुरुवार, १०:४०

विनंती नामंजूर.

डॉ_तालुका · गुरुवार, १२:१०

निरोप मिळाला, उत्तर दिलंय.

तुझा प्रश्न रास्त आहे. लग्नानंतरही हेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ ३८ टक्के जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. ती पुरुषांची बिनटाक्याची आहे, सोपी आहे, बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी धोक्याची आहे. तरी.

कंडोमचं म्हणाल तर नेहमीच्या वापरात वर्षभरात शंभरातल्या साधारण तेरा जणींना दिवस जातात. दर वेळी, सुरुवातीपासून, नीट वापरला तर दोघींना. हा फरक रबराचा नाही, वापरणाऱ्याचा आहे. 'बाहेर काढून घेतो' म्हणणाऱ्यांत हाच आकडा विसाच्या आसपास. कंडोमला पर्याय मात्र नाही, कारण लैंगिक आजारापासून बचाव बाकी कुठलंही साधन करत नाही. आणि पाकिटात मागच्या खिशात सहा महिने ठेवलेला वापरू नये.

तांबीबद्दल माझीच चूक सांगते. लग्न न झालेल्या मुलीने कॉपर टी मागितली की मी वर्षानुवर्षं नाही म्हणत आले. मूल झालेलं नाही, पुढे वंध्यत्व आलं तर नाव माझ्यावर, ही भीती. त्याला शास्त्राचा आधार नव्हता. मूल न झालेल्या बाईलाही ती बसवता येते, काढली की गर्भ राहू शकतो, आणि संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर तातडीचं साधन म्हणून ती गोळीपेक्षा जास्त खात्रीची. गेली काही वर्षं बसवतेय. पहिलीला "लग्न झालंय का" असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "उत्तरावर तांबीचा आकार ठरतो का?"

औषधवाला · गुरुवार, २:००

डॉक्टर, टी.बी.च्या औषधांचंही सांगा. माझ्याकडे एक पोरगी टी.बी.चा कोर्स आणि रोजच्या गोळ्या दोन्ही नेत होती.

डॉ_तालुका · गुरुवार, २:२५

बरं आठवलंत. टी.बी.चं रिफाम्पिसिन चालू असेल तर रोजच्या गोळीचा आणि तातडीच्या गोळीचाही भरवसा धरू नये. डॉक्टरला विचारून दुसरं साधन घ्यावं. होस्टेलांत टी.बी. कमी नाही.

नलूआजी · शुक्रवार, पहाटे ५:००

पेठकरीण, पुढे काय केलंस? धागा काढून कुठे गेलीस?

पेठकरीण · रविवार, रात्री ९:१५

इथेच होते, वाचत होते. आज केलं, म्हणून आज लिहिते.

सगळ्यांना सकाळी पोह्यांना बोलावलं. नवऱ्याला मंडईत पाठवलं. सुरुवात कशी करावी कळेना, तर डॉक्टरांचा पहिला प्रतिसादच वाचून दाखवला, 'माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर म्हणतात' म्हणून. पाच मिनिटं कुणी वर बघेना. मग एकीने विचारलं, "काकू, तुम्ही काय वापरलं?" मी म्हटलं, तांबी. कुणालाच शब्द माहीत नव्हता. सगळ्या भांड्याकडे बघायला लागल्या. कॉपर टी म्हटल्यावर हसता हसता एकीला ठसका लागला. तिथून पुढे दीड तास थांबल्या नाहीत. काही बाबतींत माझ्यापेक्षा जास्त माहिती, काही बाबतींत बाईंच्या चिठ्ठ्यांच्याही मागे. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं हे नऊपैकी एकीला ठाऊक होतं. वीस आठवडे, गुप्तता, सही, यातलं तर एकीलाही नाही, आणि यातल्या चौघी कायद्याचा पेपर देतात.

एक चुकलं माझं. जिच्यामुळे हे सगळं, ती मधेच उठून आत गेली आणि पोहे संपेपर्यंत बाहेर आली नाही. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण त्या रात्री दार वाजवणाऱ्या त्याच तर होत्या. तिला आधी विचारायला हवं होतं. संध्याकाळी वर जाऊन तसं तिला म्हणाले. ती म्हणाली, "ठीक आहे काकू," आणि पुस्तकात बघत राहिली. ठीक नसावं.

बाक, तो मुलगा कोण ते मला माहीत नाही. दवाखान्यात आला नव्हता. बिल तिने मला तीन हप्त्यांत दिलं. मी नको म्हणत होते.

कॉमन कपाटात पॅडच्या शेजारी एक डबा ठेवलाय. गर्भ तपासायची तीन किट, निरोधची पाकिटं, आणि जवळच्या एका डॉक्टरबाईंचा नंबर. त्यांना आधी भेटून आले. "लग्न झालंय का" विचारतात का, हे विचारूनच आले. त्या म्हणाल्या, "वय विचारते." दुपारी ठेवलेला डबा रात्री दिवाबत्तीला वर गेले तेव्हा पाहिला. किट दोनच उरली होती. कुणी घेतलं ते मी बघणार नाही. उद्या एक आणून ठेवते.

नवरा मंडईतून आला आणि म्हणाला, "झालं का पालकत्व?" त्याला उरलेले पोहे दिले.

औषधवाला · रविवार, ९:३०

किट वापरायची रीत डब्यावर लिहून ठेवा. पाळी चुकल्याशिवाय तपासू नये. उत्तर 'नाही' आलं तर आठवड्याने परत, सकाळच्या पहिल्या लघवीवर.

पेठकरीण · रविवार, ९:३८

लिहिते. धन्यवाद.

आलेखवाला · रविवार, १०:०५

माझी मुलगी सोळाची आहे. आज तिच्या वहीत ग्राफ पेपर दिसला आणि उगाच बसून राहिलो. मग तिला म्हटलं, बाहेर चालून येऊ. वाटेत सांगितलं, सगळं नाही, चौदाव्या दिवसाचं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, हे मला बाईंनी शिकवलंय."

बाईंचा_तास · रविवार, १०:१२

कुठली शाळा? माझी तर नाही? :)

संस्कारवर्ग · रविवार, १०:५०

माझी मतं बदललेली नाहीत. पण एक विचारायचं होतं, पेठकरीणताई. भाचीने पूर्वपरीक्षेची तयारी करायचं ठरवलंय, जूनपासून पुण्यात यायचंय. तुमच्याकडे एखादी कॉट रिकामी आहे का?

पेठकरीण · रविवार, १०:५८

एक होतेय जूनमध्ये. निरोप पाठवा.